वाडीत रात्री किती दिवे लागतात, ते आधी मोजा
निवृत्तीनंतर कोकणातल्या मूळ घरी राहायला जायचं की नाही, हे ठरवताना

निवृत्तीच्या दिवशी ह्यांना ऑफिसातल्या मंडळींनी शाल, श्रीफळ आणि लांब दांड्याची एक काळी छत्री दिली. "आता गावी जाणार ना, लागेल!" म्हणून सगळे हसले. पस्तीस वर्षं रोज डबा खाताना "रिटायर झालो की गावी" हेच ऐकलेलं, त्यामुळे भेट अगदी विचार करून निवडलेली होती. मला काही हसू आलं नाही. गाव ह्यांचं, माझं ते सासर. माझं माहेर वाईकडचं. लग्नानंतर मी त्या घरात गेले ती गणपतीच्या आणि मे महिन्याच्या गर्दीत, आणि तिथलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते माजघरातलं भांड्यांचं ढीगभर काम.

आता आम्हाला कणकवलीपासून बावीस किलोमीटरवरच्या त्या वाडीत राहायला येऊन चार वर्षं झाली. ठरवायला त्याआधी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत जे उलट्या क्रमानं केलं, ते तुम्ही सुलट करावं म्हणून हे लिहिते आहे. बहुतेक लोक आधी घर दुरुस्त करतात, मग सातबारा काढतात, मग दवाखाना कुठे आहे ते बघतात आणि सगळ्यात शेवटी बायकोला विचारतात. आम्हीही तेच केलं. हा क्रम पार उलटा धरा.

जुलैतला एक मंगळवार

दोन कोरे कागद घ्या. नवरा-बायकोनं वेगवेगळ्या खोल्यांत बसून गावातला एक दिवस लिहायचा. मे महिना नको, सण नको, रविवारही नको. जुलैतला साधा मंगळवार, सकाळी सहा ते रात्री दहा, तासातासाचा. एकमेकांना दाखवायचं ते पूर्ण झाल्यावरच.

ह्यांच्या कागदावर असं होतं: सहाला उठून बागेत फेरी, सातला चहा आणि पेपर, नऊला घावणे, अकराला नदीवर, एक वाजता ताज्या बांगड्याचं तिखलं आणि भात, मग झोप, संध्याकाळी देवळात गप्पा. माझ्या कागदावर होतं: पाणचुलीची लाकडं ओली, तीन दिवसांचे कपडे पडवीत दोरीवर दमट, लाईट नाही, दळण संपलं, पेपर अकराच्या एसटीनं येतो म्हणे. ह्यांचे घावणे कोणी घातले ते त्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं. आणि ताजा बांगडा! १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यंत्रानं चालणाऱ्या होड्यांची मासेमारी बंद असते. जुलैत गावातला माणूस सुकट, सोडे, खारा बांगडा आणि नदीचे चढणीचे मासे खातो. गावात जन्मलेल्या माणसाला हे आठवलं नाही, कारण सोळाव्या वर्षी गाव सोडल्यापासून त्यानं कोकणातला जुलै पाहिलाच नव्हता. तो ज्या गावी परत जायला निघाला होता, ते मे महिन्यातलं गाव होतं.

हा कागद भांडणासाठी नाही. त्यातून अटी निघतात, आणि त्या लिहून ठेवायच्या. माझ्या अटी होत्या: चूल हौसेपुरती, रोजचं गॅसवर, संडास-बाथरूम घराला लागून, परसात नाही, कपडे धुवायचं मशीन, आणि गणपतीला वीस माणसांचा स्वयंपाक मी एकटी करणार नाही, बाई लावायची आणि तिचे पैसे सगळ्या भावांनी मिळून द्यायचे. शेवटच्या अटीवर दोन दिवस घरात शांतता होती. पण ती तेव्हाच बोलली गेली हे बरं झालं. तुम्ही गावात राहायला लागलात की तुमचं घर इतर भावंडांसाठी आपोआप चालू स्थितीतलं विश्रामगृह होतं.

घरातल्या बाईला त्या गावात स्वतःची अशी एकही मैत्रीण नसेल, तर तोही मुद्दा कागदावर आला पाहिजे. डोंबिवलीत माझी भिशी होती, वाचनालय होतं, ओळखीच्या डॉक्टरीणबाई होत्या. पुरुषाला गावात देवळाचा कट्टा आयता मिळतो. सुनेला चाळीस वर्षांनीही "अमक्याची बायको" म्हणूनच हाक मारतात.

तुम्ही मुंबईतच जन्मलेले असाल आणि गाव वडिलांचं असेल, तर हा मंगळवार आणखी नीट लिहा. तुमच्या मनातलं गाव बहुतेक वडिलांनी सांगितलेलं असतं, आणि त्यांनीही ते सोडलं त्याला कारणं होती.

दिवे मोजायचे

आता प्रत्यक्ष राहून बघायचं. तीन फेऱ्या करा: फेब्रुवारीत दहा दिवस, एप्रिलच्या शेवटी चार दिवस आणि जुलैत सलग तीन आठवडे. बरोबर मुलं-नातवंडं नकोत, पाहुणे नकोत, मुंबईहून नेलेला डबाभर खाऊ नको. तिथं मिळेल तेच खायचं, तिथलीच एसटी धरायची.

फेब्रुवारीतलं मुख्य काम एकच. रात्री आठ वाजता खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभं राहायचं आणि वाडीत किती घरांत दिवा आहे ते मोजायचं. आमच्या वाडीत एकवीस घरं. मे महिन्यात एकवीसच्या एकवीस गजबजलेली असतात, दोन घरांत तर झोपायला जागा नसते. फेब्रुवारीत मी मोजले ते सात दिवे. दुसऱ्या दिवशी त्या सातही घरी चहाला गेले. दोन घरांत एकेकटी म्हातारी माणसं. साठीच्या आतलं माणूस तीन घरांत. चारचाकी एका घरात. हे शेवटचे दोन आकडे वहीत मोठे लिहा. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर हाक मारायला जी माणसं आहेत, ती एवढीच. बाकी चौदा घरांना कुलूप आहे आणि त्यांच्या चाव्या कांदिवली, दिवा, विरारला आहेत.

एप्रिलची फेरी पाण्यासाठी. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मे महिन्यात कित्येक वाड्यांच्या विहिरी तळाला जातात. जांभा दगड सच्छिद्र, जमीन उताराची. पाणी मुरतं तसंच झऱ्यांनी निघून जातं, नाल्यांतून समुद्र गाठतं. विहिरीत दोरी सोडून किती हात पाणी उरलंय ते बघा आणि ती विहीर कोणकोणाची आहे तेही विचारा. सामाईक विहिरीवर पंप बसवण्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी जमिनीवरूनही होत नसतील.

जुलै मात्र तीन आठवडेच हवा. पहिला आठवडा सुंदर असतो, त्यात निर्णय घेऊ नका. हिरवं रान, दारात वाहता व्हाळ (ओढा), फोटोंवर फोटो. दुसऱ्या आठवड्यात मीठ पाणी सोडतं, चपलांवर बुरशी येते, पुस्तकांना वास येतो. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही एकमेकांशी कसे बोलता, त्याकडे लक्ष द्या. पाऊस डोंबिवलीतही कमी नसतो, पण तिथं तो खिडकीबाहेर पडतो. इथं तो कौलांतून, भिंतीतून, अंथरुणातून भेटत राहतो. लाईट किती तास जाते ते रोज लिहा. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवणाऱ्या घरात हा गैरसोयीचा प्रश्न नसतो, जिवाचा असतो. इन्व्हर्टर तर हवाच, शिवाय औषधासाठी मातीच्या माठाची सोय माहीत हवी.

त्याच फेरीत घराच्या मागे जाऊन डोंगर बघा. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी चिपळूण शहर पुराच्या पाण्यात होतं. मागचा उतार कापून सपाटी केलेली असेल, झाडं तोडलेली असतील, भिंतीला नव्या भेगा असतील, झाडं तिरपी झालेली असतील, किंवा पावसात झऱ्याचं पाणी अचानक गढूळ येत असेल, तर त्या घरात पावसाळा काढायचा विचार सोडा. मग घर पणजोबांनी बांधलेलं असो की आणखी कोणी.

दवाखाना घड्याळ लावून

"तालुक्याला हॉस्पिटल आहे" हे उत्तर नव्हे. हॉस्पिटलात रात्री कोण आहे, हा प्रश्न आहे.

जुलैतल्या एका रात्री साडेनऊला आम्ही भाड्याची गाडी करून, मोबाइलमधलं घड्याळ लावून निघालो. चालक शेजारच्या वाडीतला, "काकी, आजारी कोण?" विचारायला लागला. कोणी नाही म्हटल्यावर आम्हाला वेड लागलंय असं त्याला वाटलं असणार. खळ्यातून पाणंदीनं रस्त्यापर्यंत चालत सात मिनिटं, कारण पावसाळ्यात गाडी दारापर्यंत येत नाही. पुलावर पाणी नव्हतं, तरी कणकवली गाठायला पन्नास मिनिटं. चौकशी केली तर हृदयाचे डॉक्टर आठवड्यातून ठरावीक दिवशी बाहेरून येतात. फोन केल्यापासून गाडी दारात येईपर्यंतचा वेळ यात धरलेला नाही. ह्यांच्या हृदयात एक स्टेंट आहे. परत येताना गाडीत कोणी काही बोललं नाही.

तुम्हीही हा प्रवास करा, आणि मग दोघांच्या औषधांची, तपासण्यांची, डॉक्टरांची यादी समोर ठेवा. दर तीन महिन्यांनी साखर आणि रक्तदाब तपासणं गावात सहज होतं. आठवड्यातून डायलिसिस, केमोची फेरी, पार्किन्सन किंवा विसरभोळेपणाची सुरुवात यातलं काहीही असेल, तर वाडीत जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला, जिल्हा रुग्णालय आणि आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. रत्नागिरीकडच्यांना चिपळूणजवळच्या डेरवणच्या रुग्णालयाचा आधार आहे. दक्षिण सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण अजूनही गोव्यात बांबोळीला नेतात. सावंतवाडीहून ते अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आहे. १०८ ची गाडी मिळते, पण तिचं ठाणं तुमच्या वाडीपासून किती दूर आहे ते विचारून ठेवा.

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. ते काढाच. पण ते चालणारी, तुमच्या आजाराची सोय असलेली जवळची रुग्णालयं कोणती, ते निघायच्या आधी बघा. खासगी आरोग्य विमा असेल तर त्याचीही हीच तपासणी. कार्ड खिशात आणि रुग्णालय दीडशे किलोमीटरवर, असं नको.

गावच्या आजारांची थोडी ओळख करून घ्या. ताप अंगावर काढायचा नाही. शेतातल्या चिखलात पाय घालून आल्यावर ताप आला तर लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) शंका धरून लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचे, म्हणजे गोचिडीच्या चाव्यानं होणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडत आले आहेत, त्यामुळे तिकडच्या काजूच्या बागेत जानेवारी ते मे जाताना अंगभर कपडे हवेत, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवायचं. आणि फुरसं हा विषारी साप. दिसायला लहानसा, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) दगडांत, पालापाचोळ्यात, लाकडांच्या ढिगात असतो. चावला तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे तर जायचंच नाही. हातपाय न हलवता थेट दवाखाना. तुमच्या आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरची लस शिल्लक असते का, हे आत्ताच जाऊन विचारा. आम्ही दर पावसाळ्याच्या तोंडाला विचारतो. नर्सबाई आता आम्हाला बघूनच "आसा, आसा" (आहे, आहे) म्हणतात.

सातबाऱ्यावर कोण कोण आहे

"येवा, कोकण आपलाच आसा" ही पाटी सगळ्यांनी वाचलेली असते. आपलं किती आसा ते सातबारा सांगतो.

महाभूलेखच्या संकेतस्थळावरून सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) घरबसल्या काढता येतो. आम्ही काढला तेव्हा पहिलं नाव ह्यांच्या आजोबांचं निघालं. ते १९७४ साली वारले. त्यानंतर घरात सहा मृत्यू झाले आणि एकाचीही वारस नोंद कोणी केली नव्हती. कायद्यानं हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. (तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात तलाठीच म्हणायचं.) सगळे वारस धरल्यावर आकडा एकोणीसवर गेला. जमीन चार एकर, तीही सात तुकड्यांत.

हे सोडवायचा क्रम असा. घरातल्या सगळ्या मयत माणसांचे मृत्यूचे दाखले आधी गोळा करा. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. मग जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा आणि जमीन आपल्या घराकडे कशी आली ते समजून घ्या. सिंधुदुर्गात इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव, 'आकारीपड' (सारा थकल्यानं सरकारजमा झालेली जमीन) किंवा 'खाजगी वन' असले शब्द असतील, तर तिथंच थांबून महसुलातल्या जाणत्या वकिलाला दाखवा. आंबोली, चौकूळ, गेळे या गावांतल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे जुन्या कबुलायतीनं गावकऱ्यांनी सामाईक धरलेल्या जमिनींचा, प्रश्न तर वेगळाच आहे. त्यानंतर वारस नोंदी, मृत्यूच्या क्रमानं, एकेक करून. प्रत्येक फेरफारावर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. नावं लागली की भूमी अभिलेखकडून मोजणी. आणि मगच वाटप.

वारसांत आत्या आणि बहिणी येतात, हे अजूनही काही घरांत धक्क्यासारखं सांगावं लागतं. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे, आणि वडील त्या तारखेआधी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा बहिणीकडे "जरा सही दे गं" म्हणून कागद पुढे करू नका. आधी तिला काय हवंय ते विचारा. आमच्या एका आत्यांना जमीन नको होती, दर मे महिन्यात दोन पेट्या हापूस आणि माहेरी एक खोली हवी होती. हक्कसोडपत्र त्यांनी आनंदानं नोंदवून दिलं. खोली त्यांच्या नावानं आजही आहे, कुलूप त्यांचंच.

सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर शेतजमिनीचं वाटप महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होतं. एकजण जरी अडला तरी दिवाणी न्यायालय, आणि मग तुमच्या वयाला ते परवडणारं नाही. आम्हाला चौदा महिने लागले, तेही सगळे बोलत होते म्हणून.

घराचं वेगळं बघा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरपट्टीची पावती तुमच्या नावानं असली म्हणजे घर तुमच्या एकट्याच्या मालकीचं होत नाही. घराखालची जमीन सामाईक असेल तर दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी सगळ्यांची लेखी संमती घ्या, आणि 'दुरुस्ती कोणाच्या पैशानं, पुढे वाटप झालं तर त्याचा हिशोब कसा' हे त्यातच लिहा. तोंडी "कर रे, तुझंच आहे" यावर एक कौलही बदलू नका. सामाईक घरावर जेवढे पैसे बुडाले तरी झोप लागेल, तेवढेच घालायचे.

परदेशातून परतणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारशानं मिळू शकते, पण विकत घेता येत नाही, आणि आहे ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. इथल्यांसाठी दुसरी गोष्ट: महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला साधारणपणे आधी शेतकरी असावं लागतं. वाटणीतली सगळी जमीन विकून बसलात तर पुढे दोन गुंठे घ्यायलाही तो दाखला सापडणार नाही.

घर: आधी छप्पर, शेवटी रंग

कागद झाले की घर. जुन्या चिऱ्याच्या भिंती शंभर वर्षं टिकतात, मरतात ते वासे आणि रिपा. सुताराला घेऊन माळ्यावर जा आणि प्रत्येक वाशाला टोकदार सळी खुपसून बघा. वाळवीनं आतून पोखरलेला वासा बाहेरून अगदी शाबूत दिसतो. आमचे अकरा वासे बदलले. कौलांवर पत्रा टाकायचा मोह होईल, तो उन्हाळ्यात भोगावा लागतो. आम्ही फक्त पडवी पत्र्याची केली, कपडे वाळवायला.

म्हातारपणाची सोय घर उघडं आहे तेव्हाच करून घ्या. कोकणातल्या घरांचे उंबरठे आणि जोत्याच्या पायऱ्या गुडघ्यांचे शत्रू. रात्री संडासपर्यंत जाताना एकही पायरी नको, बाथरूमला दांडा हवा, शहाबादी फरशी गुळगुळीत नको, खळ्यातून रस्त्यापर्यंत स्ट्रेचर येईल एवढी वाट हवी. ही वाट शेजाऱ्याच्या जागेतून जात असेल तर तिचाही हक्क कागदावर. आणि माकडांसाठी खिडक्यांना जाळी. आमच्या पहिल्या वर्षी त्यांनी डाळीचा डबा उघडून झाकण परत लावलं होतं, असं मी सांगते ते घरात कोणालाही पटत नाही.

मुंबईचं घर विकू नका

हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. किमान तीन वर्षं नाही. फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं द्या आणि त्या भाड्यात गावचा खर्च भागवा.

विकावाच लागला तर तारखा सांभाळा. भांडवली नफ्यावरची करसवलत हवी असेल तर दुसरं घर दोन वर्षांत विकत घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधून पूर्ण करायचं असतं. वाटप अडलेल्या जागेवर तीन वर्षांत घर उभं राहत नाही. करसल्लागाराला सातबारा दाखवूनच पुढचं पाऊल टाका.

गावात स्वस्ताई आहे हा अर्धा गैरसमज. भाजी, वरणाचं खाणं स्वस्त पडतं. गाडीभाडं, गड्याची मजुरी, इन्व्हर्टरची बॅटरी, दर मे महिन्यातली कौलं परतणी आणि आगोटीची (पावसाळ्याआधीची) बेगमी यांत ते सगळं निघून जातं. कामाला माणूस मिळणं हा पैशाच्या पलीकडचा प्रश्न आहे. तरुण मुलं आमच्याच मार्गानं मुंबईला गेली, आता आंब्याच्या बागांतही नेपाळी गडी राबतात. "कलमं आहेत ना, त्यावर भागेल" असं कोणी म्हणत असेल तर त्याला फवारणीचा खर्च, मोहोराच्या वेळचं ढगाळ हवामान आणि माकडं यांचा हिशोब मांडायला सांगा. आम्ही कलमं कराराने दिली आहेत, खाण्यापुरता आंबा मिळतो, त्यात समाधान आहे.

येणं-जाणं फार वाढतं हेही धरा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं, गाड्या सावकाश. एसटी मात्र आपली: ७५ च्या पुढे तिकीट नाही, ६५ ते ७५ अर्धं, बायकांना कोणत्याही वयात अर्धं. पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, त्यासाठी शहरात धावायची गरज नाही. फक्त रेंज हवी. आमच्याकडे ती फणसाच्या झाडाखाली आहे.

आणखी एक पर्याय लोक विचारातच घेत नाहीत. वाडीतल्या घरात न राहता कुडाळ, कणकवली किंवा सावंतवाडीत छोटी जागा भाड्यानं घ्यायची, आणि दिवसा वाडीत जाऊन यायचं. डॉक्टर, औषधं, बाजार, रेल्वे हाताशी. देव आणि झाडं अर्ध्या तासावर. सत्तरीनंतर जाणाऱ्यांना मी हाच सल्ला देते. "पण मग घरात दिवा कोण लावणार?" असं विचारतात. संध्याकाळी लावून परत यायचं.

गावात वागताना

पहिलं वर्ष कोणत्याही समितीवर जाऊ नका. देवस्थानाचे मान, पालखी कोणाच्या दारात आधी थांबते, वर्गणी किती, या गोष्टींना दोन-तीनशे वर्षांचा इतिहास असतो आणि तुमचा बँकेतला अनुभव तिथं चालत नाही. ह्यांनी शिमग्याच्या हिशोबाचा तक्ता संगणकावर करून दिला. चांगल्या मनानंच दिला. त्यात कोणाची किती वर्गणी बाकी आहे हेही दिसत होतं, आणि पुढचे चार महिने दोन घरांनी आमच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही.

चाकरमान्याला गाव दोनच प्रश्न विचारतं: "कधी इलास?" (कधी आलास) आणि "कधी जातलास?" (कधी जाणार) आम्हाला दुसरा प्रश्न विचारणं थांबलं ते दीड वर्षानं. तोवर धीर धरा.

एकटं राहिलं तर

दोघांतलं एक आधी जाणार, आणि उरलेल्याला त्या घरात एकट्यानं रात्र काढायची आहे. यावर बोलायला कोणीच तयार नसतं, म्हणून वरचं सगळं ठरवून झाल्यावर बोला. मी एकटी उरले तर पावसाळ्याआधी पुण्याला लेकीकडे किंवा डोंबिवलीला जाणार, हे मी सांगून टाकलं आहे. हे उरले तर गावातच राहणार म्हणतात. पण गॅस पेटवण्यापलीकडे स्वयंपाक येत नाही, म्हणून गेल्या वर्षापासून मी त्यांना पेज, पिठी आणि भात शिकवते आहे. गाडी चालवणं ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी काय करायचं, हेही त्यात आलं. दोघांची मृत्युपत्रं करा, आणि सामाईक मिळकतीतला हिस्सा त्यात नीट लिहा, नाहीतर तुमच्या मुलांना पुन्हा एकोणीस सह्या गोळा कराव्या लागतील.

आणि परतीची तारीख ठेवा. आम्ही दर वर्षी १ मेला, पाहुणे यायच्या आधी, जेवणं झाल्यावर खळ्यात बसतो आणि एकमेकांना विचारतो: अजून एक वर्ष? दोघांपैकी एकानं नाही म्हटलं तरी आवरायचं, कारण विचारायचं नाही, असा करार आहे. पहिली दोन वर्षं 'नाही' म्हणणार असेन तर मीच, असं आम्ही दोघांनीही धरलं होतं. या वर्षी मी हो म्हटलं. आता वरच्या घरातली काकी आणि मी मिळून कोकमाची आगळं करतो, आणि वाचनालयाचं एक कपाट शाळेच्या वऱ्हांड्यात सुरू झालं आहे. हे बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, डोंबिवलीच्या भाडेकरूचा करार कधी संपतो.

ऑक्टोबरात.